घरच्याची दृष्ट

“आल्याची गेल्याची, वाटेच्या वाटसराची, घरच्याची दारच्याची, जळो दृष्ट मेल्याची...”

मिरजेच्या स्वयंपाकघरातला आईचा हा चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज देवदत्तला डॅलसजवळच्या प्लेनोच्या ऑफिसात ऐकू आला, तेव्हा त्याच्या पडद्यावर मिरज जळत होती.

अणुबाँब पडला तर कुठलं शहर किती जळेल, हे सांगणारं सॉफ्टवेअर तो लिहायचा. शत्रूला धाक बसावा म्हणून वॉशिंग्टनला ते आकडे लागत. तपासताना ओळखीचं गाव टाकलं की चूक पटकन सापडते. बाकीचे डॅलस टाकायचे. यानं मिरज टाकली.

वेळ कुठली, मशीननं विचारलं. त्यानं सकाळचे साडेअकरा दिले. शाळा सुटायची वेळ.

मग शाळा राहिलीच नाही. स्टेशन वितळलं. सतारमेकर गल्लीत भोपळे पेटले, तारा तडातड तुटून कारागिरांच्या गळ्यांत रुतल्या. कातडी सोलवटलेली पोरं गणेश तळ्याकडे धावली. तळं उकळत होतं. पडद्यावर नुसती रंगीत वर्तुळं होती, पण त्याला हे सगळं दिसलं. आईचं घर तिसऱ्या वर्तुळात होतं. तिसऱ्या वर्तुळात माणूस लगेच मरत नाही.

“मॉडेल आहे यार,” शेजारचा जय म्हणाला. “आपण एवढं भयंकर दाखवतो, म्हणून तर कोणी बटण दाबत नाही. घरी काय सांगितलंयस, काय करतोस म्हणून?”

“वेदरचं सॉफ्टवेअर.”

“मग खोटं कुठंय? वाऱ्याची दिशा घेतोच की आपण!”

देवदत्तनं हातातला मग भिंतीवर फोडला.

त्यानंतर तीन रविवार त्यानं आईचा फोन घेतला नाही. चौथ्या रविवारी सकाळी गिरिजानं, त्याच्या बायकोनं, व्हिडिओ कॉल लावून फोन समोरच उभा केला. “बोल. आई तिकडे जेवत नाहीयेत.”

मिरजेत तिन्हीसांज झाली होती.

“किती वाळलास रे! हलू नकोस.” सुमित्राबाईंनी मीठ-मोहऱ्या आणि सात सुक्या मिरच्या फोनवरूनच ओवाळल्या. तेच शब्द, आवाज तेवढा थकलेला. मिरच्या तव्यावर पडल्या, काळ्या झाल्या. सुमित्राबाई ठसक्याची वाट पाहत उभ्या राहिल्या. ठसका आला नाही तर दृष्ट मोठी, हा त्यांचा हिशेब.

“बघ! सात जाळल्या, ठसका म्हणून नाही. कुणाची रे मेल्याची एवढी जबरी नजर?”

धूर दाटला. धुरात आईचा चेहरा अर्धा गेला.

“गॅस बंद कर, आई!” तो ओरडला. “आधी गॅस बंद कर.”

“केला बाबा, केला. आता बोलशील?”

“घरच्याची,” तो म्हणाला. “माझीच नजर. मी हवामानाचं काम करत नाही, आई. बाँबचं करतो. मिरज जाळून बघितली मी. तू घरात होतीस.”