चार चाकांवरचं रक्त

ज्या वर्षी मुलीचं, रोवेनाचं, लग्न झालं, त्या वर्षीच्या मे महिन्यात तासियो गाडीच्या चाकांपुढे हरला. चाळीस वर्षं त्याने कांदोनच्या रस्त्यावर जीपनी, म्हणजे भाड्याची लांबलचक जीप, चालवली होती. तेव्हाची चाकं लोखंडाची. त्यांवर चिखल बसो नाहीतर शेण, कोण बघतंय. ही चाकं अलॉयची होती, पाच पाकळ्यांची, आरशासारखी लखलखीत. होणारा जावई जोनेल याने जहाजावरच्या पगारातून पांढरी गाडी घेतली आणि सोमवारी ती नवरीसाठी तासियोच्या अंगणात आणून लावली. तासियोच्या थोरल्या बहिणीने, पासिंगने, गाडीला अपघात होऊ नये म्हणून रीतीप्रमाणे कोंबडा कापून चारही चाकांवर रक्त शिंपडलं.

संध्याकाळी रोवेना तोंड पाडून घरी आली. जोनेलचे वडील पास्टर होते, असल्या रीतींना पाप मानणारे, आणि लग्न तेच लावणार होते.

“तातांग, त्यांना कळलंय. म्हणाले, शनिवारी चाकांवर रक्ताचा ठिपका जरी दिसला तरी मी लग्न लावणार नाही.”

“बोलायचं म्हणून बोलले असतील.”

“सख्ख्या पुतणीचं लग्न अर्ध्यात टाकून उठलेत ते. अशाच कोंबड्यापायी.”

मंगळवारी सकाळी तासियोने बादलीभर कढत पाणी ओतलं. रक्त निघायचं सोडून उकडलेल्या अंड्यासारखं घट्ट बसलं.

“गरम पाणी?” रोवेनाने कपाळावर हात मारला. “तातांग, बायकांना विचारायचं तरी.”

मग गार पाणी. मग उसाचं व्हिनेगर, मग टूथपेस्ट आणि दातांचा जुना ब्रश. बोल्टांच्या खोबणीत बोट जाईना, ब्रशचे केस गळून तिथेच अडकले. व्हिनेगरने एका पाकळीची चकाकी उडाली, ती कायमची धुरकट झाली. पण अंधार पडायच्या आत चाकं स्वच्छ होती.

बुधवारी सकाळी डाग होते तिथेच होते.

त्याने पुन्हा घासलं. गुरुवारी पुन्हा तेच. त्याला वाटलं, या चकचकीत धातूला आतून छिद्रं असतील, त्यांत मुरलेलं रक्त गारव्याला वर येत असेल. अंगणापलीकडच्या आपल्या खानावळीतून पासिंग त्याच्याकडे बघत कच्ची पपई चिरत होती.

“स्वतःचे दात कधी एवढे घासलेस का रे, तासियो? असते अजून तोंडात.”

“मानांग, तू गप्प बस. तुझ्यामुळे हे चाललंय.”

“आपोआप जाईपर्यंत धुवायचं नसतं ते.”

“आपोआप जायला पास्टर थांबणारेत का?”

शुक्रवारी तो चौथ्यांदा खाली बसला. गुडघे बोलत होते. बोल्टाच्या खोबणीत काडी घातली, तर काडीला एक पांढरं पीस चिकटून आलं. ओलं. सोमवारचा कोंबडा तांबडा होता. पांढऱ्या कोंबड्या पासिंग रोज पहाटे खानावळीसाठी कापत असे.

तासियो पीस घेऊन उठला आणि ते पपईच्या फोडींशेजारी ठेवलं.

“चार दिवस,” तो म्हणाला. “चार दिवस मी येड्यासारखा घासतोय, आणि तू रोज पहाटे वाटी घेऊन येतेस?”

“येते.”

“पोरीचं लग्न मोडायचंय तुला?”

पासिंगने सुरी खाली ठेवली. “उर्बानोच्या नव्या जीपनीवरचं रक्त कुणी धुतलं होतं?”

उर्बानो तिचा नवरा. जीपनी घेतल्यावर चौथ्या महिन्यात घाटातल्या वळणावरून दरीत कोसळून गेला. त्या चाकांवरचं कोंबड्याचं रक्त तासियोनेच धुतलं होतं, पहिल्याच दिवशी. मिरवायला गाडी चमकायला हवी म्हणून. एकतीस वर्षांत तिने हे कधी तोंडातून काढलं नव्हतं.

तासियोने फोडींशेजारचं पीस उचलून टाकलं. “वाटीत उरलंय का?” मग त्याने विचारलं.

“आहे थोडं.”

त्याने आधी चाकांची बाहेरची बाजू पुन्हा लख्ख केली. मग गोणपाट अंथरून गाडीखाली उताणा शिरला. पासिंगने वाकून वाटी आत सरकवली.

“पाठीमागून लाव. कडेच्या आतल्या बाजूला. चारही.”

“कळतंय मला.”

“तेव्हा कुठे कळत होतं?”

रक्त त्याच्या कपाळावर ठिबकलं. त्याने ते बाहीने पुसलं आणि पुढच्या चाकाकडे सरपटला.

शनिवारी पास्टर आले. त्यांनी चारही चाकांभोवती फेरी मारली आणि धुरकट पाकळीपाशी वाकले.

“हा कसला डाग?”

“उसाच्या व्हिनेगरचा,” तासियो म्हणाला. “जरा जास्त झालं.”

पास्टरनी बोट लावून वास घेतला, मान हलवली आणि लग्न लावायला गेले.

ती गाडी जोनेल आणि रोवेना अजून चालवतात. पासिंग लग्नानंतर तीन वर्षांनी, दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी सकाळी, उर्बानोच्या थडग्यावर मेणबत्ती लावून घरी परतल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या वारली. तासियो त्यानंतरच्या मार्चमध्ये गेला.