गढूळ नळीचा मान

“खायला घाला, ऊब द्या, तान्ह्या बाळासारखं झुलवत ठेवा, आणि ऐन कामाच्या वेळी ह्यांचे हात वर,” सगळे ज्याला ‘दाढी’ म्हणत तो सहकारी उबवणपेटीत डोकं घालून पुटपुटत होता. बोलणं नळ्यांतल्या जिवाणूंना होतं, पण शेजारच्या टेबलाशी ताई बसली होती आणि तिला ते आपल्यालाच म्हटल्यासारखं झोंबलं.

घरी ती थोरली म्हणून ताई, आणि प्रयोगशाळेतही सगळ्यांची ताईच. जिवाणू म्हणाल तर दुधाचं चीज करणारे, पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या पोटात जाऊन कुणाचं वाईट न केलेली गरीब जात. त्यांच्यात ताईच्या गटाने एक जनुक बसवलं होतं. बेत असा, की रोग्याने हे जिवाणू गिळावेत, त्यांनी आतड्यात पोचून सूज उतरवणारं प्रथिन तिथल्या तिथे बनवावं आणि काम झालं की गुपचूप बाहेर पडावं. ना सुई, ना सगळ्या अंगात औषध भिनण्याची भीती. कागदावर तर इतकं सोपं दिसायचं, की आपल्याआधी हे कुणाला कसं सुचलं नाही असं वाटावं.

आज तपासणीच्या पट्टीवर प्रथिनाची काळी रेघ उमटलीच नाही. मागच्या खेपेला ती फिकी आली, तेव्हा मोठे सर म्हणाले होते, रसायन शिळं असेल. सगळ्यांना पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. आता रसायन ताजं, पट्टी कोरी, आणि हे जिवाणू पाजलेल्या उंदरांची आतडी होती तशीच लालभडक.

घोळ कुठे झाला ते उमगायला दुपार उजाडली. ह्या प्रयोगशाळेची एक रीत होती. दर आठवड्याला नवं विरजण लावताना जी नळी सगळ्यांत आधी गढूळ होईल, म्हणजे जिच्यात जिवाणू सगळ्यांत भराभर वाढतील, तिचा मान. पुढचं सगळं तिच्यातूनच. दाढी तर तिला टिचकी मारून शाबासकीही द्यायचा. प्रथिन बनवणं म्हणजे त्या एवढ्याशा जिवाच्या पाठीवर ओझं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ज्यांनी ते ओझं, म्हणजे बसवलेलं जनुकच, वाटेत टाकून दिलं तेच भराभर वाढणार, हे काही कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. जनुकाला प्रतिजैविकापासून वाचवणारी जोड देऊन, ते टाकणाऱ्यांना मारायला नळीत प्रतिजैविक घालता आलं असतं, पण जे माणसाच्या पोटात जायचं त्यात ते घालायचं नाही असं ठरलेलं. म्हणजे इतके महिने शिकल्यासवरल्या माणसांनी निवडून निवडून कामचुकारांची पैदास केली होती, आणि उंदरांना साधं चीजचं विरजण पाजलं होतं.

“म्हणजे कुठल्याही ऑफिसात होतं तेच झालं,” दाढी म्हणाला. “काम झटकणाऱ्याला बढती.”

कुणी हसलं नाही. मूळ वाण शीतपेटीत शाबूत आहे, पहिल्यापासून सुरू करू, असं सर म्हणाले; चहा गार झाला, दुसरा टाका म्हणावं तसं.

ताईला ते ‘पहिल्यापासून’ गिळवेना. तिच्या धाकट्या बहिणीला आतड्याचं हेच दुखणं होतं. कुठेही गेली तरी आधी संडास कुठे ते विचारायची. गोळ्यांनी चेहरा सुजून गोल झालेला, मनगटं मात्र काटकुळी. मोठं आतडं काढावं लागेल, पोटावर पिशवी येईल, पण जीव वाचेल, असं सर्जनने केव्हाच सांगून ठेवलं होतं. धाकटी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, आमच्या ताईचं औषध येतंय ना. आई मान डोलवायची. ताई म्हणायची, बघू.

संध्याकाळी ती धाकटीकडे गेली. दार मेहुण्याने उघडलं. आज पुन्हा रक्त पडलं, आणि हिने ऑपरेशनची तारीख पुन्हा पुढे ढकलली, असं त्याने दारातच हळू आवाजात सांगितलं. मग काहीतरी अपेक्षेने तो ताईकडे बघत राहिला. ताई म्हणाली, चहा टाका.

धाकटी पोटावर गरम पाण्याची पिशवी घेऊन पडली होती.

“काय गं, तुझी लेकरं काय म्हणतायत? मावशीकडे यायचं काही नाव घेत नाहीत.”

ताईने सगळं सांगितलं. गढूळ नळी, तिला मिळणारी शाबासकी, टाकलेलं ओझं. ऐकताना धाकटीला इतकं हसू लोटलं की तिला पोट दाबून धरावं लागलं. “आपल्या कामचुकार मामावर गेलीत मेली,” ती म्हणाली. मग श्वास घेऊन, चादरीची सुरकुती नीट करत, तिने विचारलं, “मग आता कधी? उन्हाळ्यापर्यंत होईल?”

स्वयंपाकघरातला कपबश्यांचा आवाज थांबला. ताईच्या तोंडाशी नेहमीचं उत्तर आलं होतं. चादरीवरून फिरणाऱ्या त्या मनगटाकडे बघत तिने ते परतवलं.

“नाही होणार,” ती म्हणाली. “ह्या उन्हाळ्यापर्यंत नाही, पुढच्याही नाही. आज रेघ उमटली असती तरी माणसांपर्यंत यायला वर्षं लागली असती, आणि हे मला आधीपासून माहीत होतं. माझ्या औषधासाठी थांबू नकोस. ऑपरेशन करून घे.”