अंगणातला समुद्र

पुसेगावात समुद्र पाहून आलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यातल्या निम्म्यांनी तो गाडीच्या खिडकीतून लांबूनच पाहिलेला. तरी अंगद बायको-लेकरांना घेऊन समुद्राला निघालाय हे कळल्यावर सल्ला द्यायला गावात कुणी मागे राहिलं नाही.

त्याचं असं झालं. अंगद सेनगावला रामप्रसादच्या कृषी केंद्रात कामाला. बियाण्याच्या एका कंपनीने यंदा जास्त माल विकणाऱ्या दुकानदारांना कोकणची सहल देऊ केली होती. तीन दिवस, जोडप्याचं सगळं फुकट, आणि पाच वर्षांखालची लेकरं असतील तर तीही चालतील. रामप्रसादच्या बायकोला हिंगोलीपर्यंत जायचं तरी जीपच्या खिडकीबाहेर डोकं काढून बसावं लागतं, ती कसली कोकणात जाते. रामप्रसादने मोठ्या मनाने ती सहल अंगदच्या नावावर करून टाकली. त्या संध्याकाळी अंगद घरी आला तो हरभऱ्याची पेरणी, शेळ्यांचा चारा सगळं विसरून, नुसतं समुद्र समुद्र करत.

राधिका भाकरी थापत होती. तिने ऐकलं आणि ती म्हणाली, बरं.

तिचं हे 'बरं' अडीच वर्षांपासूनचं. लग्नात ही पोरगी इतकी हसायची की नणंद संगिताने तिला दोनदा चिमटा काढून गप्प केलं होतं. मग जुळी झाली, रुद्र आणि राजनंदिनी, म्हणजे घरातली नंदी, एकाच खेपेला मुलगा आणि मुलगी. गावभर पेढे वाटले गेले, जो तो हुरळून गेला. राधिका त्या सगळ्यांच्या मधोमध दोन लेकरं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. आनंद नाही, दुःखही नाही. आधी तिला वाटलं अंगात रक्त कमी असेल, झोप होत नसेल. पुढे झोपही व्हायला लागली, रक्तही भरून आलं, आणि आतलं मात्र जसंच्या तसं राहिलं. कामात तिचं कधी काही चुकलं नाही. वेळच्या वेळी दूध, वेळच्या वेळी अंघोळ, काजळ, तीट. शेजारणी म्हणायच्या, सून लाखात एक, कधी हूं की चूं करत नाही. सुनेने तोंड उघडलं नाही की लोकांना ती शहाणीच वाटते, त्याला काय करणार.

तर सहलीची तयारी सुरू झाली. दुकानातून आणलेल्या एका जाहिरातीच्या कागदामागे अंगदने यादी केली. डायपर, टोप्या, दुधाची पावडर, बिस्किटं, तापाचं औषध, तूप, मऊ भातासाठी घरचे तांदूळ. तिकडे मच्छीशिवाय काही मिळत नाही असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून पुन्हा तांदूळ, पुन्हा तूप. शेजारच्या रुख्मिणीबाईंनी स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता, पण त्यांचा भाचा पाहून आला होता आणि तेवढ्यावर त्या अधिकाराने बोलत. समुद्र माणसाच्या पायाखालची माती ओढून नेतो, त्यांनी सांगितलं, म्हणून लेकराला घेऊन एका जागी उभं राहायचं नाही. अंगदने तेही लिहून घेतलं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो मोबाईलवर लाटांचे व्हिडिओ बघायचा आणि घरी येऊन भरती-ओहोटीवर असं बोलायचा की जसा काही कोळ्याच्या घरी वाढलाय. त्याची आई नर्मदाबाई शेळ्यांना पाला टाकता टाकता सगळं ऐकायची आणि एक शब्द बोलायची नाही.

यादीच्या शेवटी अंगदने एक रेघ मारली आणि खाली लिहिलं, मी रुद्र, राधिका नंदी. पाण्याजवळ गेल्यावर कुणी कुणाला धरायचं त्याची ही वाटणी होती. दोन मोठी माणसं, दोन लेकरं, हिशेब सोपा होता.

राधिकाने ती ओळ वाचली आणि तिला हौद दिसला.

वैशाखातली गोष्ट. शेळ्यांना पाणी पाजायचा हौद अंगणातच, मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढा. राधिका दहा पावलांवर सावलीत लसूण सोलत बसली होती. रुद्र झोळीत झोपला होता. नंदी तेव्हा दोन वर्षांची. ती हौदाच्या काठाला धरून उभी राहिली, टाचा उचलल्या, पाण्यात हात घातला, आणखी वाकली. राधिकाला सगळं स्वच्छ दिसत होतं. आता ही पडणार, हेही कळत होतं. उठायला पाहिजे, हेसुद्धा. पण ते सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात चाललं असावं तसं तिने बघितलं. पोरगी डोक्यावर आत गेली, पाय वर आले. राधिकाच्या हातात लसणाची पाकळी होती, ती तिने सोलून ताटलीत टाकली. मग घरातून नर्मदाबाई धावत आली आणि तिने नातीला पायाला धरून बाहेर ओढलं. लेकरू खोकललं, ओकलं, मग भोकाड पसरलं. तेव्हा कुठे राधिका उठली आणि टॉवेल घेऊन आली. संध्याकाळी अंगदला तिने सांगितलं की मी घरात होते, पोरगी कधी बाहेर गेली कळलंच नाही. नर्मदाबाई शेजारीच बसली होती. तिने मान खाली घालून चहा पिऊन घेतला.

हे राधिकाने कुणालाच सांगितलं नव्हतं. समुद्राचं निघाल्यापासून ती फक्त एवढंच जाणून होती की तिथेही असंच होणार. भीती वाटायला हवी होती, तीही वाटत नव्हती. उद्या बुधवार आहे हे जसं माणसाला माहीत असतं तसं हे तिला माहीत होतं. नंदीचा हात तिच्या हातात असेल, नंदी तो सोडवून घेईल, आणि ती बघत उभी राहील.

तिने आपल्या परीने प्रयत्न केले. लेकरं लहान आहेत, आत्यांजवळ, म्हणजे सासूजवळ, ठेवून जाऊ, म्हणून बघितलं. अंगदला ते हास्यास्पद वाटलं. समुद्र दाखवायचा तो लेकरांना, नाहीतर आपण दोघं म्हातारे काय वाळूत किल्ले करत बसायचे? मग ती म्हणाली, माझ्याऐवजी आत्यांनाच न्या. त्यावर तो जरा दुखावला. सहल जोडप्याची आहे, आणि खरं सांगायचं तर हा सगळा आटापिटा तुझ्यासाठीच चाललाय, तू कशानं तरी हसावंस म्हणून, असं तो सरळच बोलून गेला. राधिका म्हणाली, बरं.

निघायच्या आधीच्या रविवारी अंगदला रंगीत तालीम सुचली. चुलीतली राख आणून त्याने अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. रेघेच्या पलीकडे समुद्र, अलीकडे वाळू. तो 'लाट आली' म्हणेल तेव्हा ज्याने त्याने आपापलं लेकरू पकडून मागे आणायचं. नर्मदाबाई ओसरीवर बसून बघत होती. लेकरांना खेळ भलताच आवडला. पहिल्या लाटेला दोघंही अलीकडेच होती, त्यामुळे सगळं बराबर झालं आणि अंगदने स्वतःच टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या लाटेला रुद्र पळाला. अंगदने दोन ढांगांत त्याला काखेत मारलं, पोरगं खिदळत सुटलं.

ते बघून नंदीला जोर चढला. ती आईचा हात सोडवून पळाली, राखेची रेघ तुडवून पार पलीकडे गेली, गोठ्याच्या भिंतीशी पोचली आणि वळून बघायला लागली की मला कोण पकडतंय. अंगद ओरडत होता, लाट आली, लाट आली. राधिका जिथल्या तिथे उभी होती. हात अजून तसाच, पोरीच्या उंचीला धरलेला.

"अगं, गेली की पोरगी," अंगद हसत म्हणाला. "समुद्रात गेली. पळ की."

"मला दिसून राहिलं," राधिका म्हणाली. "त्या दिशी हौदात गेली तवा बी दिसून राहिलं होतं. मी घरात नव्हते. मी हितंच बसले होते, लसूण सोलीत. ती पडली अन् मी उठले न्हाई."

अंगदचं हसू चेहऱ्यावरच राहिलं. त्याने रुद्रला खाली ठेवलं.

"काहून?" त्याने विचारलं.

"मला न्हाई माहीत. मला कशाचं काहीच वाटत न्हाई. ह्यांचं बी न्हाई." ती लेकरांकडे बघून बोलत होती, आणि आवाज रोजचाच होता, भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तसा. "तुमी मला तिथं एक बी लेकरू धरायला देऊ नका."

माणसाला धक्का बसला की तो आधी भांडायला कुणीतरी शोधतो, तसं अंगदने आईकडे बघितलं आणि विचारलं, तू तर म्हणाली होतीस की ही घरात होती.

"मी काहीच म्हणले नव्हते. ती म्हणली, मी गप बसले." नर्मदाबाई ओसरीवरून खाली उतरली. तिने भिंतीजवळून नंदीला उचललं आणि अंगदच्या हातात दिलं. मग ती राधिकासमोर येऊन उभी राहिली. "मी दारातच होते, राधिका. पोरगी वाकली तवाच मला दिसली. तू उठशील म्हून मी थांबले. तू आई हाईस, उठशील, आता उठशील, असं म्हणत मी बी उभीच होते. तिचे पाय वर आले तवा मी धावले. तिच्या नाकात पाणी गेलं ते माझ्यामुळं बी गेलं."



सहा महिने ही बाई जवळा बाजार गावी लेकीकडे गेली नव्हती, कुणाच्या लग्नाला गेली नव्हती, रानात गेली तरी दुपारच्या आत परत यायची. म्हातारीला सुनेवर भरवसा नाही, असं गाव म्हणायचं. गावाचं म्हणणं खोटं नव्हतं, फक्त गावाला वाटायचं तसा तो राग नव्हता. नर्मदाबाईने ते सगळं आता सांगितलं, हेही सांगितलं की अंगदच्या वेळी तिलाही असंच झालं होतं. दोन महिने ती त्याला पाजायची आणि हे कुणाचं लेकरू म्हणून बघत राहायची. तिचं आपोआप गेलं. सुनेचंही जाईल म्हणून ती वाट बघत बसली, आणि तेच चुकलं. उद्याच्या उद्या हिंगोलीला डॉक्टरकडे जायचं, ती म्हणाली, रक्ताच्या नाही, डोक्याच्या डॉक्टरकडे, आणि लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

अंगदने खिशातून मोबाईल काढला. रामप्रसादला कळवतो, सहल नको, असं म्हणून तो नंबर शोधायला लागला. नंदी तो मोबाईल ओढत होती.

"ठेव तो," नर्मदाबाई म्हणाली. "डाक्टर जा म्हणला तर जायचं. मी बी येते. माझी मी यष्टीनं येते."

"माय, ही लेकरू धरणार न्हाई म्हणती."

"तुला दोन हात हाइत. दोन्ही लेकरं तू धर."

"मंग तू कशाला येतीस?"

"तुझं ध्यान लेकराकडं राहील," नर्मदाबाई म्हणाली. "लाट आल्यावर ही हटायची न्हाई. तशीच उभी राहील अन् पाणी हिला घेऊन जाईल. हिला धरायला मी येते."

राधिकाने इतके दिवस त्या पाण्याचा विचार केला होता. त्यात दर वेळी नंदी होती, कधी कधी रुद्र होता. आपणही त्याच पाण्यात उभ्या असू, आणि आपल्यालाही कुणीतरी ओढून काढावं लागेल, हे तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं.