मचाणावरचा चहा

खोटं बोलायची मला सवय न्हाई. न सांगायची मात्र हाय. चाळीस वर्षं संसार केला तो ह्याच गुणावर, अन् ह्याच गुणापायी त्या दिवशी नवरा गमावून बसले असते.

आमचा म्हातारा, म्हणजे पुंजाराम. गाव धावडा, भोकरदन तालुका. माणूस सरळ, पण औषधाचा वैरी. ताप आला तर म्हणणार, आला तसा जाईल. दोन वर्षांखाली त्याचे गुडघे धरले. उठताना 'आई गं', बसताना 'आई गं', अन् डॉक्टरचं नाव काढलं की दुखणं लगेच बंद. सांगून सांगून माझं तोंड दुखलं, त्याच्या कानाची पाळी हलली न्हाई. शेवटी बाजारात एक पुडीवाला बसतो, त्याच्याकडून मी पुड्या आणल्या. पांढरट पूड, वास न्हाई, चव तेवढी कडू. रोज सकाळी त्याच्या चहात एक टाकायची अन् वरून साखर दोन चमचे. एरवी साखरेला माझा हात आखडता, हे साऱ्या गल्लीला ठाऊक हाय.

आठ दिवसांत म्हातारा टणाटणा चालायला लागला. अन् पारावर बसून लोकांना सांगतो काय, "गोळी खाल्ली न्हाई, सुई घेतली न्हाई. निसतं चालून चालून गुडघे बरे केले." लोक बी मान डोलवायचे. मी पाण्याची घागर घेऊन बाजूनं जायची अन् पदराआड हसायची. म्हटलं, मिरव बाबा, तुझं काय जातं अन् माझं काय जातं.

यंदाच्या थंडीत त्याला ताप भरला, खोकला झाला. अन्नावरची वासना गेली. चहा समोर नेला की तोंड फिरवायचा. चहा बंद झाला तशी पुडी बी बंद झाली, अन् त्यात काही वावगं आसंल हे माझ्या ध्यानीमनी न्हवतं. नवव्या दिवशी सकाळी पाह्यलं तर ओठ निळे, अन् मला हाक मारायला बी छातीत वारा न्हाई. मंग मी त्याचं काहीएक ऐकलं न्हाई. शेजारच्यांनी दवाखान्याची गाडी बोलावली.

गाडीत त्याच्या तोंडाला वाऱ्याचा मुखवटा लावला. मी त्याचा हात धरून खिडकीतून बघत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जवारी निसवली होती. ऊन कोवळं, धुकं उठत चाललेलं, अन् कणसं आमच्याच बाजूनं पळू राह्यली आसं वाटायचं. मधीच मला डुलकी लागली. डोळे उघडले तव्हा राजूर मागं पडलं होतं, अन् मला क्षणभर कळेना की आम्ही दवाखान्यात चाललो का शेतात.

जालन्याच्या दवाखान्यात पोचलो तव्हा दुपार झाल्ती. दारात आमचा भागवत उभा. आमचं एकुलतं पोरगं, जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानात कामाला. आत एक डॉक्टरीण आली, अंगानं बारीक, डोक्याला निळी टोपी. अफ्रीन नाव. ती बी जुन्या जालन्याचीच. तिनं म्हाताऱ्याला तपासलं अन् मला बाजूला घेतलं.

"मावशी, फुप्फुसं भरलीत. ते थकलेत, स्वतःहून फार वेळ श्वास घेऊ शकणार नाहीत. घशातून नळी घालून मशीनवर घ्यावं लागेल. त्याच्या आधी गुंगीचं औषध द्यावं लागतं, आणि यांचं बीपी एवढं खाली आहे की ते औषध निवडून द्यायला पाहिजे. चुकलं तर तिथंच हृदय थांबू शकतं."

तिच्याजवळ थाळीत दोन सुया भरून ठेवलेल्या. एकीत दुधासारखं पांढरं औषध, एकीत पाण्यासारखं. दैवशाला म्हणून सिस्टर होती, तिनं विचारलं, "मॅडम, कोणतं?"

"एटोमिडेट," डॉक्टरीण म्हणली, अन् पांढऱ्याकडं हात केला. पण हात तिथंच थांबला. तिनं म्हाताऱ्याची बाही वर सारली. कातडं कागदावाणी पातळ, त्यावर जांभळे डाग. तिनं त्याचं तोंड बी नीट बघितलं. गाल गोल झालेले. मी म्हणायची, चालल्यानं अंगी लागलं.

"यांना कसली गोळी चालू होती?"

"कसलीच न्हाई," भागवत म्हणला. "दादांना औषधाचं वावडं हाय. गुडघे बी बिनऔषधाचे बरे केले त्यांनी."

"सलाईन एवढं गेलं तरी बीपी वर येत नाही. मला हे बराबर वाटत नाही. नीट आठवा."

म्हातारा शुद्धीत होता. डोळे उघडे, माझ्याकडंच लागलेले. मी बोलले तर त्याच्या कानावर जाणार. दोन वर्षांची त्याची ऐट पोराच्या देखत, अन् ती बी माझ्या तोंडानं, मातीत जाणार. ती गेली तर गेली. पण मला भ्या दुसरंच होतं. आमच्यात गोड बोलणं कधी झालं न्हाई. सकाळचा चहा मी द्यायचा अन् त्यानं प्यायचा, एवढीच आमची माया. जिनं दोन वर्षं चोरून कालवलं तिच्या हातचा चहा हा माणूस पुन्हा तोंडाला लावील का? अन् न्हाई लावला तर आमच्यात उरलं काय?

मशीन टुकटुक करू राह्यलं होतं. त्याच्या बरगड्या भात्यावाणी हालत होत्या. मी म्हणले, "मी देत होते. चहातून. बाजारातली पुडी, गुडघ्याची. दोन वर्षं, रोज. आठ दिवस झाले चहा पीत न्हाईत, तव्हापासून बंद हाय."

"आई," भागवत म्हणला.

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. ते बघून मला धरणी फाटावी आसं झालं.

डॉक्टरीण रागावली न्हाई. पांढरी सुई उचलून तिनं बाजूला ठेवली. "मावशी, ऐका. किडनीच्या वर एक ग्रंथी असते, संकटात अंगाला बळ देणारी. असल्या पुड्यांत बहुतेक स्टिरॉइड असतं. बाहेरून रोज मिळालं की ती ग्रंथी झोपून जाते. मग पुडी अचानक बंद झाली की अंगाला आधारच राहत नाही. आणि हे पांढरं औषध त्या ग्रंथीला अजून झोपवतं. या दोन सुयांतली कोणती बरी, यावर मोठमोठे डॉक्टर अजून भांडतात, पण यांच्यासाठी मला ते आता नको. सिस्टर, हायड्रोकॉर्टिसोन द्या लगेच, अंगाला तेवढा आधार मिळेल. बीपी चढवायचं औषध चालू ठेवा. आणि गुंगीला ते दुसरं, केटामाइन, कमी डोस."

मला एवढंच कळलं की माझ्या सांगण्यानं सुई बदलली.

मंग ती माझ्याजवळ वाकली. "या औषधात माणसाला स्वप्नं पडतात. घाबरून गेला तर वाईट पडतात. आम्हाला शिकवणारे सर म्हणायचे, शेवटी कानात जे पडेल ते माणूस आत घेऊन जातो. यांना कुठं बरं वाटतं? तिथलं काहीतरी बोला. अर्धा मिनिट आहे."

कुठं बरं वाटतं! अर्ध्या मिनिटात मी चाळीस वर्षं पालथी घातली. बांधावर म्हणावं तर बांधावर तो भांडायलाच उभा असायचा. पारावर म्हणावं तर ती ऐट मी आत्ताच मोडली. हा माणूस सुखानं बसलेला मी पाह्यलाच कव्हा? अन् मंग दिसलं. आमच्या लग्नाचं पहिलंच साल. जवारीत मचाण, हा वर गोफण घेऊन पाखरं राखायला बसलेला. मी चरवीत चहा घेऊन गेल्ते, अन् कप न्यायचा विसरले. आता हा रागं भरतो म्हणून मी खाली उभी. ह्यानं वरून हात दिला, मला वर ओढून घेतलं. चरवीच्या झाकणीत चहा ओतून आधी तो पेला, मंग मी. तेवढ्यात पाखरांनी जवारीचा निम्मा तुकडा खाल्ला अन् हा बघतच बसला.

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं. "अहो, मचाणावर हाव आपण. डोंगराकडून वारं येऊ राह्यलंय. पाखरं आलीत, येऊ द्या. खाऊ द्या त्यांना. म्या चहा आणलाय, कप न्हाई आणला."

पाण्यासारखं औषध त्याच्या शिरेत गेलं. त्यानं डोळे उघडले, पण ते माझ्याकडं न्हवते. छताच्या पल्याड कुठंतरी लांब बघत होते, हळूहळू हलत होते, उडणाऱ्या पाखरांवर नजर ठेवल्यासारखे. कपाळावरची आठी गेली. माणूस समोर होता अन् तिथं न्हवता. मला बाहेर काढलं. दार बंद व्हायच्या आधी डॉक्टरीण म्हणली ते ऐकलं, "बीपी टिकलंय."

तीन दिवस तो मशीनवर होता. मी बाकड्यावर. भागवत डबा आणायचा, समोर ठेवायचा, बोलायचा न्हाई. त्याचं बी खरंच होतं. काचेतून मशीनचा आवाज यायचा, सूं करून भरायचं, सूं करून सोडायचं. ऐकता ऐकता माझे डोळे जड व्हायचे, अन् त्या लांब फरशीवर जवारी उगवायची. माणसं तिच्यातून चपला वाजवत जायची, कोणी एक कणीस मोडायचं न्हाई. खिडकीचा पडदा हालला की मचाण हालायचं. मी खाली चरवी घेऊन उभी, अन् वरून हात काही येत न्हाई. दचकून उठायची तर हातात डब्याचं झाकण. दोनदा आसं झालं. दैवशाला सिस्टरनं मला पाणी दिलं अन् म्हणली, झोपा मावशी, बरं होतंय त्यांचं.

चौथ्या दिवशी नळी काढली. पाचव्या दिवशी सकाळी मला आत सोडलं. म्हातारा उशीला टेकून बसलेला, दाढी वाढलेली, गाल उतरलेले. मी पायथ्याशी उभी राह्यले. जवळ जायची हिंमत होईना.

"ऐकती का गं," तो म्हणला. आवाज घोगरा, निम्मा वाराच. "मी मचाणावर गेल्तो."

मी एक पाऊल पुढं सरकले.

"लई दिस होतो तिथं. खाली उतरायची शिडीच न्हवती. पाखरं आल्ती, हाकलली न्हाईत मी. तू म्हणलीस खाऊ द्या." त्यानं थांबून दम घेतला. "तू चहा आणलास, चरवीत. झाकणीत ओतून दिलास. त्यात बी पुडी होती."

मी पलंगाची दांडी धरली. म्हणले, "चुकलं माझं. सांगायला पाहिजे होतं."

"काय सांगायचं? मला काय ठाऊक न्हवतं?" तो माझ्याकडं न बघता खिडकीकडं बघत बोलला. "चाळीस वर्षं तुझ्या हातची अर्धा चमचा साखर खाल्ली. एके दिवशी एकदम दोन चमचे. माझी जीभ काय मेल्ती? वरून गोड, खालून कडू. पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मंग पेलात कशाला?"

"तू समोर उभी राह्यची ना. कप रिकामा होईस्तोवर. एरवी कप ठेवून पाठ फिरवायचीस. मी कडूचं नाव काढलं असतं तर तू पुडी बंद केली असतीस, अन् उभं राहणं बी."

मी पदर तोंडाला लावला. रडले मी, सरळ सांगते. दोन वर्षं मी त्याला हसत होते, अन् तो मला जपत होता.

दारात डॉक्टरीण आली. तिनं त्याची नाडी बघितली, कागद बघितला. म्हणली, आता थोडं थोडं प्यायला हरकत नाही, चहा चालेल, पण स्टिरॉइडची गोळी मी देईन तीच, मापानं, आणि एकदम बंद करायची नाही. म्हातारा शहाण्या पोरासारखा 'बराबर हाय' म्हणला. मी बाहेरून कमी साखरेचा चहा आणला. कागदी कप भरून त्याच्या हातात दिला अन् कपाळ पुसायच्या निमित्तानं तिथंच उभी राह्यले.

त्यानं एक घोट घेतला अन् तोंड वाकडं केलं.

"काय झालं?"

"पुडी नको आता," तो म्हणला, अन् कप माझ्यापुढं धरला. "पण साखर तशीच दोन चमचे टाकत जा."