दीपा रखमाजी ठुबे, दोन वेळा

कॉम्प्युटरची खोली. चपला बाहेर.

एंटर. एंटर. एंटर.

"विंडोज म्हणजे खेळणं हो," विज्ञानाचे गोरक्ष सर म्हणतात. "डॉस कसं, हुकूम दिला की काम. इथं आधी चित्र शोधा, मग त्याच्या डोक्यात टिचक्या मारा."

१९८४ साली पोळा रविवारी आला. सुट्टी बुडाली म्हणून सगळा स्टाफ हळहळला.

"टीव्हीवानी दिसतंय, पन एक मालिका लागत न्हाई," शिपाई केशरबाई काच पुसता पुसता म्हणतात.

निळा ई. त्यावर दोन टिचक्या मारल्या की इंटरनेट येतं. या शाळेत येत नाही, कारण फोन हेडसरांच्या टेबलावर आहे आणि त्याची वायर कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाही. तरी पाहुणे आले की हेडसर निळा ई दाखवतात. "यात इंटरनेट आहे." पाहुणे वाकून बघतात.

शहाऐंशी.

या शहाऐंशीपाशी भिमाजी भाऊसाहेब सकाळपासून अडकले होते. पारनेरच्या हायस्कुलात बत्तीस वर्षं क्लार्क. नोव्हेंबर १९९९, शुक्रवार, दुपारचे साडेबारा.

दहावीला मुलं सत्त्याऐंशी. जनरल रजिस्टरात सत्त्याऐंशी, मस्टरवर सत्त्याऐंशी, वर्गात जाऊन डोकी मोजली तरी सत्त्याऐंशी. कॉम्प्युटर म्हणत होता शहाऐंशी. उद्या सकाळी सातच्या एसटीनं हेडसर फ्लॉपी घेऊन नगरला संस्थेच्या कार्यालयात जाणार. यंदापासून बोर्डाचे फॉर्म फ्लॉपीवरून भरायचे. फ्लॉपीत नाव नाही त्याचा फॉर्म नाही. फॉर्म नाही तो मार्चमध्ये परीक्षेला नाही.

भाऊसाहेब उठले. खिडकीपर्यंत गेले. परत आले. बसले. पडद्यावर ती उभी रेघ लुकलुकत होती. बत्तीस वर्षांत कुठल्या रजिस्टरानं त्यांना अशी घाई केली नव्हती.

"कॉम्प्युटर चुकत नाही, भाऊसाहेब," वृषाली मॅडम म्हणाल्या. तेवीस वर्षांच्या, आठवड्यातून तीन दिवस नगरहून यायच्या. "तुम्हीच एक नाव दोनदा धरलं असेल."

मॅडमनीच त्यांना शिकवलं होतं. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "आधी पत्ते खेळा, म्हणजे माऊसवर हात बसेल." भाऊसाहेब तीन आठवडे शाळेच्या वेळेत, शाळेच्या खुर्चीवर, पत्ते खेळले. केशरबाईंनी ते पेठेत सांगितलं. दुसरा धडा होता: "त्यानं काही विचारलं की घाबरायचं नाही. एंटर दाबायचं."

भाऊसाहेबांनी रजिस्टर मांडीवर घेतलं. एक बोट कागदावर, एक काचेवर. कागद. काच. कागद. काच.

दीपा रखमाजी ठुबे, १ जून १९८४.

चार ओळी खाली.

दीपा रखमाजी ठुबे, १ जून १९८४.

काचेवर एकच.

रजिस्टराच्या समासात त्यांच्याच पेन्सिलीत बारीक लिहिलेलं होतं. पहिलीपुढे 'भामाबाईची'. दुसरीपुढे 'बनुबाईची'. दोघींचे बाप चुलत भाऊ, दोघांनाही एकाच आज्याचं नाव. आणि ठुब्यांच्या मळ्यात वीज आली त्या वर्षी दोन्ही घरांत मुलगीच झाली, दोघींना दीपाच म्हणाले. राहिली तारीख. पहिलीत घालताना आईबापाला जन्मतारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून टाकतात. शाळा जूनमध्ये सुरू होते, वय बरोबर बसतं. सत्त्याऐंशींत त्रेपन्न मुलं एक जूनची होती.

प्रोग्रामला वाटलं एकच मुलगी. त्यानं इंग्रजीत विचारलं होतं: ही नोंद आधीच आहे, हिच्यावर लिहू का?

भाऊसाहेबांनी एंटर दाबलं होतं. भामाबाईची दीपा बनुबाईच्या दीपाखाली गेली होती.

"प्रोग्राम लिहिणारा आपल्याकडचा नसणार," गोरक्ष सर दारातून म्हणाले. त्यांना चपला काढायचा कंटाळा, म्हणून ते नेहमी दारातूनच बोलत. "एक जून काय भानगड आहे, त्याला काय ठाऊक? डॉस असतं ना..."

"सर, आता डॉस नको," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पुन्हा नाव टाकून पाहिलं. पुन्हा तोच प्रश्न. यावेळी त्यांनी एंटर दाबलं नाही. जरा वेळानं हळूच म्हणाल्या, "तारीख वेगळी असली तर घेईल तो. दोन जून टाका. कुणाला कळतंय?"

भाऊसाहेबांनी दोन जूनचा विचार केला. मग म्हणाले, "बदलायचीच तर खरी टाकू."

"खरी कुठनं आणणार?"

ते निघालेच होते.

मळा दोन किलोमीटर. ओढा ओलांडताना खडा टोचला तेव्हा त्यांना कळलं की चपला कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर राहिल्या. परत फिरायला वेळ नव्हता.

भामाबाई कांद्याच्या वाफ्यात वाकून रोपं लावत होती. अनवाणी, भर उन्हात, शाळेचे भाऊसाहेब बांधावरून येताना पाहून तिच्या हातातली जुडी खाली पडली.

"भाऊसाहेब, कोन गेलं?"

"कुणी नाही गेलं. दीपाचा जन्म कधीचा?"

"आगं बया! जीव घेतला की माजा." तिनं पडलेली जुडी उचलली. "गुरुजींनी टाकलाय न्हवं, एक जून?"

"तो शाळेचा. खरा कधीचा?"

भामाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"आजवर कुनी इचारलंच न्हाई," ती म्हणाली. "पोळ्याच्या दुसऱ्या दिशी. दिवस उगवताना. बैलाच्या शिंगाचा हिंगूळ माज्या हाताला तसाच हुता. सुईन म्हनली, बाई, हात तरी धुवायचा." मग एकदम तिचा चेहरा बदलला. "का? परीक्षेला बसू देत न्हाईत का तिला?"

"बसणार."

"खरं सांगा."

"मी आहे ना."

हे बोलले खरं, पण परतीच्या वाटेवर ते वाक्य त्यांच्या बरोबरीनं चालत राहिलं.

१९८४ चं मस्टर कपाटाच्या तळाला होतं. ऑगस्ट. लाल शाईत रविवार, २६. त्याच्या बाजूला त्यांनीच लिहिलेलं: पोळा. म्हणजे सोमवार, २७.

हेडसरांनी चष्मा काढला. "भाऊसाहेब, जनरल रजिस्टरातली जन्मतारीख? ती काय पत्त्यांतली राणी आहे, इकडची तिकडं ठेवायला? तपासणी आली तर?"

"आईचा जबाब घेऊ. तिचा अंगठा घेऊ."

"त्याला रीत असते. वरची मंजुरी लागते. महिने जातात त्यात."

"फ्लॉपी उद्या जाते, सर."

"तुमचं सेवापुस्तक कोरं आहे. एक शेरा नाही. सात महिने राहिले रिटायर व्हायला, आणि आता खाडाखोड करता?"

"खाडाखोड नाही. एक रेघ मारतो, वर तारीख लिहितो. सही माझी. तुम्ही करू नका."

हेडसरांनी चष्मा पुन्हा लावला आणि दुसरा कागद वाचायला घेतला.

लाल शाईची एक रेघ. वर २७ ऑगस्ट १९८४. शेजारी कारण, सही, दिनांक. बत्तीस वर्षांच्या त्या रजिस्टरात भाऊसाहेबांच्या हातची ती पहिली दुरुस्ती.

मग ते कॉम्प्युटरसमोर बसले. दीपा रखमाजी ठुबे. दोन, सात. शून्य, आठ. एक बोट, एक आकडा. एंटर दाबण्याआधी थांबले आणि पडद्याकडे पाहिलं.

त्यानं काही विचारलं नाही.

सत्त्याऐंशी.

मॅडमनी फ्लॉपी काढली, तिच्यावर लेबल चिकटवलं. दारापासून खुर्चीपर्यंत फरशीवर ओल्या मातीची पावलं उमटली होती. फडकं घेऊन आलेल्या केशरबाई ती पाहून थबकल्या. "आमाला एक कन आला तरी वरडता, अन् हे?"

"राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "उद्या पुसा."

बाहेर चपला सकाळी काढल्या तशाच होत्या, एक सरळ, एक उलटी. भाऊसाहेबांनी उलटी सरळ केली, पण पाय मातीचे होते म्हणून दोन्ही हातात घेतल्या आणि नळाकडे गेले.

१९४८ साली पहिलीत घालताना गुरुजींनी भिमाजीची जन्मतारीख विचारली तेव्हा त्याचे वडील म्हणाले होते, "तुमीच टाका कायतरी."