मूळ पान

लेकीने साइटमॅपचा पत्ता शोधयंत्राच्या रकान्यात चिकटवला आणि कळ दाबण्याआधी खुर्ची किंचित बाजूला सरकवली. कोशकारांनी चष्मा पुसला, पुढे वाकून तो पत्ता अक्षर-अक्षर वाचला आणि मगच मान हलवली. छपाईला संमती देण्याआधी चाळीस वर्षे ते असेच वाकत आले होते.

साइटमॅप म्हणजे संकेतस्थळावरील सर्व पानांची यादी. ती हाती पडली की शोधयंत्र पानोपान फिरून नोंद घेते, आणि मग कोणी कुठूनही तो शब्द शोधला तरी ते पान समोर येते, असे लेकीने समजावले होते. लेकीने संकेतस्थळावर चढवलेल्या कोशात चार हजार आठशे सहा शब्द होते. विणकर, कुंभार, सुतार, गवंडी यांच्या तोंडचे, त्या त्या कामाबरोबर मावळत चाललेले. छापील आवृत्ती केव्हाच संपली होती आणि दुसरी काढण्यास कोणी धजत नव्हते. डोळे पुरते अधू होण्यापूर्वी आपला कोश लोकांना सापडलेला पाहावा, एवढीच कोशकारांची इच्छा उरली होती.

"लगेच काही दिसायचं नाही, बाबा. पंधरा दिवस धीर धरा."

"जन्मभर दुसरं काय केलंय," ते म्हणाले.

खिडकीशी त्यांची पत्नी उशीचा अभ्रा शिवत बसली होती.

सोळाव्या दिवशी उत्तर आले. पाने पाहिली, परंतु नोंदीस घेतली नाहीत. मजकूर पुनरुक्त आहे, मूळ पान अन्यत्र आहे. पुनरुक्तीचा दोष कोशकारांनी आयुष्यभर इतरांच्या लेखनात तांबड्या शाईने दाखवला होता. त्यांनी ती ओळ लेकीकडून दोनदा वाचून घेतली. मग तिने तो 'मूळ' पत्ता उघडला. संकेतस्थळ त्यांच्याच एका शिष्याचे निघाले. तीन वर्षांपूर्वी त्याला संगणकावर उतरवलेली प्रत तपासणीसाठी दिली होती. शब्द तेच, क्रम तोच, चुकादेखील त्याच. माथ्यावर नाव मात्र शिष्याचे.

"गुरूची विद्या गुरूला," पत्नी दोरा तोडीत म्हणाली.

तो टोमणा शिष्याला आहे, असे कोशकारांना वाटले. त्यांनी लेकीला तक्रार करण्यास सांगितले. शोधयंत्राकडे त्यासाठी अर्ज होता. तो भरता भरता ती शेवटच्या ओळीपाशी आली आणि थांबली.

"काय म्हणतो अर्ज?"

तिने वाचून दाखवले. "हा मजकूर मी स्वतः जमवून लिहिला आहे, असे मी प्रतिज्ञेवर सांगतो." पुढे खूण करण्यासाठी चौकोन होता.

लेकीने आईकडे पाहिले. कोशकारांना धूळ सोसत नसे. ते माग, भट्ट्या, कुंभारांचे आवे यांच्याकडे कधी फिरकले नव्हते. वही घेऊन आई जाई. कधी पायांना चिखल, कधी केसांत भुसा घेऊन ती परते, आणि ते टेबलाशी बसून तिच्या वह्यांतून व्याख्या घडवीत. प्रस्तावनेच्या अखेरीस एक ओळ होती: गृहिणीचे साहाय्य झाले.

"इथं जमवून असं लिहिलंय, बाबा."

ते पडद्याकडे वाकले.

"आणखी एक नाव घालता येईल का?"

"एकाच नावाची जागा आहे."

"करा की खूण," पत्नी मान वर न करता म्हणाली. "छापताना कुठं हात अडला होता?"

कोशकारांनी माऊस स्वतःच्या हातात घेतला. पहिल्यांदा नेम चुकला. दुसऱ्यांदा खूण बरोबर चौकोनात उमटली.

तीन आठवड्यांनी शिष्याची पाने नाहीशी झाली आणि कोशकारांची वर आली. लेक कामावर गेली होती. त्यांनी एकेक अक्षर शोधून 'धोटा' हा शब्द टंकला. पहिलेच पान त्यांचे. त्यांनी पत्नीला हाक मारली. ती ओले हात पदराला पुसत आली आणि मोठ्याने वाचू लागली.

"धोटा : हातमागावर ताण्याच्या धाग्यांतून आडवा धागा घेऊन एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जाणारे साधन." ती थांबली. "तो परतही येतो."

"म्हणजे?"

"जातो तसा परत येतो, म्हणून तर कापड होतं. विणकरणीनं माझ्या हातात देऊन दाखवलं होतं. वहीतही होतं ते. तुम्ही जाणं तेवढं घेतलंत."

कोशकारांनी व्याख्येवरून पुन्हा नजर फिरवली.

"संध्याकाळी पोरगी आली की दुरुस्त करायला सांगतो."

"राहू दे," ती म्हणाली. "तेवढं तरी तुमच्या हातचं आहे."