पाटीवरचा डोह

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे, पण बाराखडी काही माझ्या नशिबी आली नाही. माझ्यावर लिहिली गेली ती माणसांची नावे, डोहांची नावे आणि माशांची वजने. वजनांवर फारसा विश्वास ठेवू नका.

डोंगरातल्या खाणीतून मला काढले आणि आधी आमच्या गावच्या चर्चच्या छपरावर बसवले. साठ वर्षे मी तिथे वारा-पाऊस सोसला. एका वादळात कोपरा तुटून मी खाली आले. गळाचे सामान, खिळे, दोर असे सगळे विकणाऱ्या डोलिनाच्या वडिलांनी मला उचलले, लाकडी चौकट बसवली आणि दुकानात शेगडीशेजारी टांगले. खोटे कशाला बोलू, छपरापेक्षा ही जागा मला फार आवडली.

नियम साधा होता. सकाळी सॅमन मासे धरायला नदीवर निघालेल्याने माझ्यावर आपले नाव आणि डोहाचे नाव लिहायचे. परत आल्यावर ते पुसायचे आणि मासा मिळाला असेल तर त्याचे वजन लिहायचे. तेव्हा खिशात फोन नव्हते. हिवाळ्यात काठ निसरडे होत, पाणी अंगात सुया टोचल्यासारखे लागे. कोणी परतला नाही तर त्याला कुठे शोधायचे, ते कळावे म्हणून हा नियम.

उन्हाळ्यात माझी चंगळ असे. वजने लिहायला जागा पुरत नसे, लांबून आलेले लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढत. जानेवारीत मात्र समुद्रातून मोजकेच मासे वर येत आणि थंडीने आळसावून तळाशी पडून राहत. दोन-दोन आठवडे कोणाच्या गळाला काही लागत नसे. मासे जितके कमी, तितकी माणसांची तोंडे घट्ट मिटलेली. एखाद्याला मासा मिळालाच, तर तो गोणपाटात गुंडाळून मागच्या दाराने घरी जाई आणि तो धरणारा शेगडीपाशी येऊन हात शेकत बसे.

"कसला मासा नि कसलं काय," तो म्हणे. "पाय गारठले तेवढे."

"मग कोटाला खवलं कसं चिकटलंय?" आता दुकान चालवणारी डोलिना विचारी.

"ते मागल्या वर्षीचं."

कोणी आपल्या मागे येऊ नये म्हणून सगळेच माझ्यावर 'पुलाखालचा डोह' असे लिहीत. त्या डोहात हिवाळ्यात काही मिळत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. एका सकाळी सात जण पुलाखाली गेल्याचे माझ्यावर लिहिलेले होते आणि पुलाखाली होते फक्त एक बदक. डोलिना हसली, मीही मनात हसले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

लॅक्लन हा गावचा जुना पोस्टमन, नोकरीतून निवृत्त झालेला. त्या गुरुवारी त्यानेही नेहमीचेच लिहिले. टॉर्किल सुतार चहा पीत बसला होता. गळ टाकण्यात दोघांची तीस वर्षांची चढाओढ.

"पुन्हा पूल?" टॉर्किल म्हणाला. "आता त्या बदकाशी लग्नच कर."

"तू मोठा खरं लिहिणारा."

"मी आज जातच नाही. कंबर धरलीये."

"मग बस शेकत," असे म्हणून लॅक्लन पायीच निघाला.

दुपारी साडेतीनला उजेड मावळू लागला, तेव्हा त्याची बायको इशबेल दुकानात आली. "जेवायला येतो म्हणाला होता. सूप तीनदा गरम केलं मी," ती म्हणाली. डोलिनाने माझ्याकडे बोट दाखवले. इशबेलने वाचले आणि तिला थोडा धीर आला. लिहिलेले खरे असेलच असे नाही, पण दुसरा ठावठिकाणा कोणापाशी नव्हता; म्हणून चार माणसे दोर आणि लांब काठ्या घेऊन पुलाकडे धावली. इशबेल खिडकीपाशी उभी राहिली. टॉर्किल शेगडीजवळ बसून होता.

त्याला खरे ठाऊक होते. मंगळवारीच त्याला वरच्या अंगाला, पाद्रीच्या डोहाकाठी, ताज्या बर्फात लॅक्लनच्या बुटांचे ठसे दिसले होते. टॉर्किल स्वतः तिथे कशाला गेला होता? ज्यासाठी लॅक्लन गेला त्यासाठीच. तोंड उघडले असते तर गावभर झाले असते आणि दुसऱ्या दिवशी पाद्रीच्या डोहावर जत्रा भरली असती. म्हणून त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. एकदा माझ्याकडे पाहिले, मग जमिनीकडे.

"सापडेल," तो पुटपुटला. "आज असेलही पुलाखालीच."

मित्रांनो, त्या वेळी मला फार त्रास झाला. मी खोटी आहे, माझे ऐकू नका, असे ओरडावेसे वाटत होते. पण पाटीला दुसऱ्याने लिहिलेलेच तेवढे बोलता येते.

माणसे परत आली. "पुलाखाली नाही," त्यांतला एक म्हणाला. "तळापर्यंत काठ्या घालून पाहिलं. आता खाली, समुद्राकडे बघायला हवं."

समुद्राकडे म्हणजे काय, ते इशबेलला कळले. ती दाराकडे निघाली. तेव्हा टॉर्किल उठला. त्याने बाहीने ती अक्षरे पुसली आणि लिहिले, 'पाद्रीचा डोह'.

"तो वर आहे," तो म्हणाला. "तीन मैल वर."

तुला कसे ठाऊक, हे विचारायला कोणी थांबले नाही.

लॅक्लन सापडला. दोन दगडांत पाय अडकून मोडला होता आणि तो गुडघ्यापर्यंत पाण्यात, एका झाडाचे मूळ धरून होता. जीव वाचला, पण मूळ धरलेल्या हाताची, थंडीने गोठलेली तीन बोटे डॉक्टरांना कापावी लागली. गळाची काठी त्याने पुन्हा उचलली नाही.

गावाने टॉर्किलला डोक्यावर घेतले. त्याने मात्र दुकानात येणे सोडले. तीन आठवड्यांनी त्याने खिळ्यांसाठी निरोप धाडला आणि तो ते न्यायला आला, तेव्हा इशबेल मनुका घातलेला केक घेऊन तिथेच बसली होती.

"तुझ्यासाठीच केलाय," ती म्हणाली.

टॉर्किलने केक घेतला नाही. "इशबेल, मला आधीपासून माहीत होतं. मी चाळीस मिनिटं इथं बसून होतो."

"बेचाळीस," इशबेल म्हणाली. "नंतर लक्षात आलं माझ्या. घड्याळ मीही बघत होते." तिने केक त्याच्या हातात ठेवला. "हा शेवटच्या एका मिनिटासाठी. बाकीच्या एक्केचाळीस मिनिटांचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही."

टॉर्किल केक घेऊन बाहेर पडला. खिळे घ्यायचे तो विसरून गेला.

आता मी दुकानामागच्या खोलीत भिंतीला टेकून असते. माझ्यावर कोणी काही लिहीत नाही. त्याचे फार दुःख नाही. पण तुम्हाला एक विनवणी आहे, मित्रांनो. मासा कुठे आहे ते नाही सांगितले तरी चालेल. तुम्ही कुठे निघालात, ते मात्र घरच्यांना खरे सांगून जा. आणि दुसरा कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर बसून राहू नका.